यांची तीन मिनिटे

वेंगुर्ल्याचे भिकाजी केळुसकर मचव्यावरचे तांडेल होते आणि त्यांची हाक वाऱ्याविरुद्धही बंदरापर्यंत पोचत असे, असे आमच्या घरात सांगतात. त्यांचे चिरंजीव गुरुनाथ दीपगृहावर दिवा सांभाळीत. गुरुनाथांचे चिरंजीव शिवराम, म्हणजे माझे सासरे, मुंबईच्या गोदीत सिग्नलच्या मनोऱ्यावर निशाणे चढवीत आणि उतरवीत. शिवरामांचे चिरंजीव काशिनाथ यांनी भारतीय नौदलात सव्वीस वर्षे वायरलेसवर काढली. चार पिढ्या या घराण्याने दुसऱ्यांचे निरोप पाण्यापलीकडे पोचवले.

यांचे नाव मी इथे लिहिले आहे. कागदावर ते मला चालते. तोंडाने मी ते लग्नात एकदा घेतले, त्यानंतर पंचावन्न वर्षांत घेतले नाही. मी एकतीस वर्षे शाळेत शिकवले, त्यातली अकरा मुख्याध्यापिका म्हणून. तिथे माझ्या हाताखालच्या मुली नवऱ्यांना नावाने हाक मारू लागल्या तेव्हा मी त्यांना काही म्हटले नाही. पण माझ्या घरात ते 'हे' होते, आणि समोर असले तर 'अहो'.

२००८ सालच्या मे महिन्यात यांचा आवाज बसला. आम्ही तेव्हा मुलाकडे, परेशकडे, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला, सँडरिंगहॅमच्या घरात राहत होतो. कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळून तीन वर्षे झाली होती. तिथला हिवाळा ओला असतो, भिंतीही दमट लागतात. मी ठरवले की ही सर्दी आहे. आमच्या घरात कुणाला काय झाले आहे हे मी ठरवत असे. रस्त्यावरच्या वाण्याकडून ज्येष्ठमध, सुंठ, मिरे आणले आणि सकाळ-संध्याकाळ काढा सुरू केला. माझी सून भाग्यश्री माउंट वेलिंग्टनच्या एका ऑफिसात काम करते. ती तीनदा म्हणाली, "आई, एकदा डॉक्टरांना दाखवू या." तिन्ही वेळा मी तिला गप्प केले. यांनी नऊ आठवडे मुकाट्याने काढा घेतला.

जुलैच्या अखेरीस परेशने मला न विचारता यांना गाडीत घातले आणि नेले. स्वरयंत्रात गाठ होती, आणि ती मोठी झालेली होती. संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागणार होते. सोमवारी, अठरा ऑगस्टला. मी डॉक्टरांना विचारले, दोन महिने आधी आणले असते तर काही वेगळे झाले असते का. ते सभ्य गृहस्थ होते. म्हणाले, तसे सांगणे कठीण आहे. मी पालकांशी आयुष्यभर हीच सभ्यता वापरली होती, त्यामुळे मला ती ओळखता आली.

यांना त्याआधी वर्षभर एक नाद लागला होता. १९०८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या सोळा पांढऱ्या युद्धनौका जगाला फेरी मारताना ऑकलंडला आल्या होत्या. त्यांच्यावर निघण्यापूर्वी घाईघाईने एक नवे यंत्र बसवले होते. तोवर बिनतारी म्हणजे फक्त टिकटिक. या यंत्राने माणसाचा आवाज जाणार होता. यंत्र लहरी होते, नौसैनिकांना ते नीट शिकवलेले नव्हते, आणि बऱ्याच जहाजांवर ते नुसते पडून राहिले. त्या भेटीला शंभर वर्षे होणार म्हणून पाण्यापलीकडच्या डेव्हनपोर्टमधल्या निवृत्त हौशी मंडळींच्या एका क्लबने जुन्या आराखड्यांवरून तशी दोन यंत्रे बनवायला घेतली होती. यांनी वाचनालयात त्यांची चिठ्ठी पाहिली आणि दर शनिवारी फेरी बोटीने तिकडे जाऊ लागले. तारेची वेटोळी गुंडाळून द्यायचे काम यांच्याकडे होते. घरी आले की बोटांना लाखेचा वास यायचा.

यंत्र कसे चालते ते यांनी मला जेवणाच्या टेबलावर दोन चमचे समोरासमोर धरून समजावले होते. कार्बनच्या दोन कांड्या, खाली स्पिरिटचा दिवा, आणि कांड्यांच्या टोकांमध्ये सतत जळणारी विजेची ज्योत. ज्योत तेवत असेपर्यंत आवाज जातो, फडफडली की तुटतो. शेजारी एक लाकडी मुठीचा दांडा. वर केला की तुम्ही बोलू शकता, खाली केला की ऐकू शकता. दोन्ही एका वेळी होत नाही.

"बोलणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही," हे म्हणाले होते. तेव्हा आवाज होता. "तो दांडा खाली करेपर्यंत बहिरा."

मी म्हणाले, "आमटी निवते आहे."

क्लबला ही यंत्रे चालवण्याची परवानगी एकाच आठवड्याची मिळाली होती, नऊ ऑगस्ट ते सोळा ऑगस्ट. त्याच नऊ तारखेपासून यांनी बोलणे बंद केले. भाग्यश्रीने एक छोटी पांढरी पाटी आणून दिली, त्यावर पुसता येणाऱ्या शाईच्या पेनाने हे लिहीत. 'चहा.' 'खिडकी लाव.' 'परेशला फोन कर.' तारेने पाठवायचे असावे तसे, एकही शब्द जादा नाही. मला वाटले, काढ्याबद्दलचा राग आहे. मी विचारले तर पाटीवर लिहिले, 'नाही.' मी पुन्हा विचारले, आवाज चढवून. पुन्हा पाटी वर केली. तोच शब्द, पुसलाही नव्हता. नऊ दिवसांनी जे कायमचे जाणार होते ते आहे तोवर तरी कानावर पडावे, एवढीच माझी मागणी होती. आयुष्यात मी ज्याला जे सांगितले ते त्याने केले. हे एक माणूस समोर बसून काही बोलेना, आणि मला काही करता येईना.

गुरुवारी जेवताना परेशने विषय काढला.

"आई, शनिवारी तुला इकडे, ओकाहू बेच्या किनाऱ्यावर यायचंय. बाबा डेव्हनपोर्टहून बोलणार, तू अलीकडे बसून ऐकायचंस. तीन-साडेतीन किलोमीटर पाणी आहे मध्ये."

"घरात चार फोन आहेत," मी म्हणाले. "आणि आम्ही एकाच टेबलाशी जेवतो. बोलायला मध्ये समुद्र कशाला हवा?"

"अगं, फोनवर काय, सगळेच बोलतात."

"मग यांनी आत्ता बोलावं, मी समोर बसले आहे. आठवडाभर तोंडाला कुलूप, आणि म्हणे पाण्यापलीकडून बोलणार."

भाग्यश्री ताटाकडे बघत म्हणाली, "आई, तुम्ही समोर असलात की त्यांना चान्स कुठे मिळतो?"

मी तिच्याकडे पाहिले. तिने भात वाढून घेतला. यांचे खांदे हलत होते. हसू आले की तसे हलतात. मग यांनी पाटी पुसली, काहीतरी लिहिले आणि आमटीच्या वाटीला वळसा घालून ती माझ्यापुढे सरकवली.

'माझी तीन मिनिटे.'



ही तीन मिनिटे १९५९ सालची आहेत. सासरे फेब्रुवारीत गेले तेव्हा हे समुद्रावर होते आणि येणे शक्य नव्हते. परेशचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. कुलाब्याच्या खोलीत मी एकटी. अग्नी चुलत दिरांनी दिला, बाकीचे सारे माझ्या अंगावर पडले. तेराव्यानंतर आठवड्याने नौदलाच्या एका अधिकाऱ्यांनी मला बोलावून घेतले. जहाज आणि किनारा यांच्यात आवाजाने बोलण्याचे नवे संच आले होते, त्यांची तपासणी चालू होती. कुणीतरी काहीतरी बोलायचे होतेच. त्यांनी माणुसकी म्हणून मला खुर्चीवर बसवले. तीन मिनिटे, केळुसकरबाई. बोलताना हे बटण दाबा, ऐकताना सोडा.

मी बटण दाबले आणि सोडले नाही. खांदा कुणी दिला, लाकडे ओली निघाली, दहाव्याला कावळा शिवायला दुपार झाली, कोण आले, कोण आले नाही. आणि तुम्ही का आला नाहीत. हे मी तीनदा विचारले, आणि उत्तरासाठी बटण एकदाही सोडले नाही. अधिकारी हाताने खुणा करीत होते. मग म्हणाले, वेळ संपली.

सात आठवड्यांनी हे घरी आले. पिशवी खाली ठेवली, बापाच्या तसबिरीला नमस्कार केला. नंतर म्हणाले, "आवाज स्वच्छ आला. बटण सोडायचं असतं." थोड्या वेळाने म्हणाले, "माझी तीन मिनिटं तुझ्याकडे राहिली."

त्याची पुढे थट्टा झाली. ठाण्याचे घर घेताना, परेशला कुठल्या शाखेत घालायचे यावर वाद झाला तेव्हा, हे विचारायचे, "ती तीन मिनिटं आता वापरू का?" मी म्हणायची, "नंतर." त्या दिवशी त्यांना काय बोलायचे होते, हे मी कधी विचारले नाही. सुरुवातीला रागाने विचारले नाही, आणि पुढे विचारायचे राहूनच गेले.

शनिवारी सकाळपासून नैऋत्येचा वारा सुटला होता. परेश यांना घेऊन फेरीने पलीकडे गेला. यांनी मफलर गळ्यात घेतला नव्हता, मी तो परेशच्या पिशवीत कोंबला होता. भाग्यश्रीने मला ओकाहू बेला आणले. क्लबच्या एका सभासदाची बोटी ठेवायची शेड होती. ओल्या दोरांचा आणि डिझेलचा वास, पत्र्यावर वाऱ्याचा आवाज. ग्रॅहम नावाचे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले उंच गृहस्थ तिथे यंत्रापाशी होते. त्यांनी मला खुर्ची पुसून दिली आणि अगदी उघडपणे परिस्थिती सांगितली. पूर्ण आठवड्यात फक्त बुधवारी एक ते दहा आकडे धड पोचले होते. पलीकडे कार्बनच्या कांड्यांच्या दोनच जोड्या उरल्या होत्या. सहा वाजता परवानगी संपत होती.

"आणि तुमच्या मिस्टरांच्या गळ्यात किती बोलणं उरलंय ते मला माहीत नाही," ते इंग्रजीत म्हणाले. "परेश म्हणाला, आठवडाभर साठवून ठेवलंय."

साठवून ठेवले होते. मला तोवर हे सुचले नव्हते. मी आठवडाभर त्या पाटीवर ओरडत होते.

ग्रॅहमनी नियम सांगितले. आधी ज्याला हाक मारायची त्याचे नाव, मग स्वतःचे. मी सांगितले, ते जमणार नाही. त्यांना कळेना. भाग्यश्रीने समजावले.

"मग पंचावन्न वर्षं तुम्ही त्यांना काय म्हणता?" त्यांनी मला विचारले.

"अहो," मी म्हणाले.

त्यांनी ते दोनदा घोळवून पाहिले. "हरकत नाही. नौदलात याहून वाईट खुणेची नावं असतात."

दोन वाजून वीस मिनिटांनी त्यांनी हेडफोन माझ्या अंबाड्याला न दुखवता कानांवर बसवले. दांडा खाली होता. आत तव्यावर पाणी पडल्यासारखा चर्र आवाज सतत येत होता. ती पलीकडची ज्योत. मग त्या आवाजाच्या आतून, घासलेल्या पत्र्यासारखे, कुणी म्हणाले, "वासंती."

पुढचे मला कुणी दुसऱ्या बाईबद्दल सांगितले असते तर मी तिला मूर्ख म्हटले असते. माझा हात उठला आणि मी दांडा वर केला.

"अहो, मफलर घ्या. परेशच्या पिशवीत आहे. आणि त्या स्पिरिटच्या दिव्याजवळ तोंड नेऊ नका, धूर जाईल घशात. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते विसरलात का? ऐकताय ना? गरम पाणी आहे का तिथे? परेशला म्हणावं..."

ग्रॅहम दोन्ही हात हलवत होते. भाग्यश्री म्हणाली, "आई, दांडा. आई, दांडा खाली करा." मी दांडा खाली केला तेव्हा कानात काही नव्हते. चर्र आवाजसुद्धा नाही.

भाग्यश्रीच्या मोबाइलवर परेशचा फोन आला. तिने तो माझ्याकडे दिला.

"कार्बन तुटला," परेश म्हणाला. "पण बाबा बोलले, आई. जवळजवळ मिनिटभर. सलग. तू ऐकलंस ना?"

मी म्हणाले, "नाही."

 तो म्हणाला, "तू दांडा वर केलास."

"हो."

"आई, त्यांना आता खोकला लागलाय. रक्त नाहीये, घाबरू नकोस. शेवटची जोडी बसवतोय आम्ही. पण पुन्हा तेवढं बोलवेल की नाही..."

"ते काय बोलले, परेश?"

"मला नाही सांगता येणार. त्यांनी मला बाहेर उभं केलं होतं."

पुढचा अर्धा तास मी त्या खुर्चीवर बसून होते. भाग्यश्रीने थर्मासमधला चहा पुढे केला, मी नको म्हटले. सकाळीही घशाखाली काही उतरले नव्हते. पत्र्याच्या दारातून पाणी दिसत होते, आणि पलीकडे डेव्हनपोर्टची टेकडी. घरे मोजता येतील इतकी जवळ. मी आज्ञा देऊन तिथली ज्योत पेटणार नव्हती. मी आज्ञा देऊन तो गळा मोकळा होणार नव्हता. एकच गोष्ट माझ्या हातात दिली होती, लाकडी मुठीचा एक दांडा, आणि मी त्याचे काय केले हे दोन माणसांनी पाहिले होते.

"भाग्यश्री," मी म्हणाले, "डॉक्टरांकडे न्यायचं तू तीनदा म्हणाली होतीस."

ती म्हणाली, "असू दे, आई."

"असू दे नाही. तू म्हणाली होतीस."

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. एरवी मी तो काढायला लावला असता.

दोन वाजून एक्कावन्न मिनिटांनी परेशचा फोन आला की ज्योत धरली आहे. ग्रॅहमनी पुन्हा हेडफोन चढवले. मी त्यांना त्यांचे थांबते घड्याळ मला दिसेल असे समोर धरायला सांगितले, आणि तीन मिनिटे होईपर्यंत मला कुणीही हात लावायचा नाही, असेही. मग दोन्ही हात पदराखाली घेऊन घट्ट धरले.

चर्र आवाज आला. काटा निघाला.

"वासंती. काशिनाथ बोलतोय."

पदराखाली माझी बोटे एकमेकांत रुतली.

"तेव्हा..." आवाज फाटला, ज्योत फडफडली, पुन्हा धरली. "बाबांच्या वेळी... एवढंच विचारायचं होतं." मग श्वास. एकेका शब्दाला त्यांना किती लागत होते ते ऐकू येत होते. "तू जेवलीस का?"

त्यानंतर आणखी काहीतरी आले, पण ते शब्द नव्हते. नुसती हवा. गळ्यात साठवलेले तेवढेच उरले होते. एक्केचाळीस सेकंद झाले होते.

ग्रॅहमनी हलक्या आवाजात सांगितले की बहुधा त्यांचे संपले, आता उत्तर द्यायला हरकत नाही. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी घड्याळ तसेच धरून ठेवले.

 एकोणसाठ साली त्या खोलीत तेरा दिवस लोक आले आणि गेले. कोणी लाकडांचे विचारले, कोणी सासऱ्यांच्या पेन्शनचे, कोणी यांचे. तो प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी बटण एकदा सोडले असते तर तो तेव्हाच विचारला गेला असता.

मी ऐकत राहिले. चर्र आवाज एकसारखा नव्हता. तो किंचित वाढे आणि किंचित कमी होई, आणि काही वेळाने मला कळले की हे यांच्या श्वासाने होते आहे. तोंड अजून यंत्राजवळच होते. आत, बाहेर. आत, बाहेर. झोपेत पंचावन्न वर्षे मी तो ऐकला आहे. मी चुकणे शक्य नाही. एकदा खुर्ची करकरली. एकदा खोकला आला, तो त्यांनी तोंड फिरवून दाबला असावा. दीड मिनिट. दोन. माझा उजवा हात दोनदा पदरातून निघाला आणि दोन्ही वेळा मी तो डाव्याने मागे ओढला. हे थांबणारे माणूस आहेत, आणि तिकडेही त्यांच्यासमोर घड्याळ असणारच. दोन मिनिटे चाळीस. दोन मिनिटे पन्नास.

तीन मिनिटे झाली. ग्रॅहमनी बोट वर केले. मी दांडा वर केला.

"काशिनाथ," मी म्हणाले. "वासंती बोलते आहे. पूर्ण ऐकलं. नव्हते जेवले. आजही नाही."

एवढे बोलून मी दांडा खाली केला.

पाच वाजता भाग्यश्रीने मला फेरीच्या धक्क्यावर आणले. परेशच्या मागून हे उतरले. मफलर गळ्यात होता. यांच्या हातात कागदी पिशवी होती. जवळ येऊन यांनी ती माझ्या हातात दिली. आत चीज घातलेला गरम स्कोन, म्हणजे इथला छोटा जाड पाव होता, पलीकडच्या धक्क्यावरच्या दुकानातला. मी रस्त्यात उभी राहून कधी खात नाही. परेश गाडी आणायला निघाला तर यांनी त्याला हाताने थांबवले. आम्ही चौघेही त्या वाऱ्यात उभे राहिलो, आणि शेवटचा तुकडा माझ्या तोंडात जाईपर्यंत हे माझ्याकडे पाहत राहिले.

मग यांनी कोटाच्या खिशातून एक जुनी वही काढली. नौदलात प्रत्येक निरोपाची चोवीस तासांच्या घड्याळाने वेळ आणि निकाल लिहून ठेवायचा असतो, ती सवय यांची सुटली नव्हती. धक्क्याच्या कठड्याला वही टेकवून यांनी लिहिले आणि मला वाचायला दिले.

'१४५२ ते १४५५. वासंतीकडे. तीन मिनिटे पूर्ण मिळाली. उत्तर आले. बाकी नाही.'